क्योतोत पत्ता विचारताना

जपानमध्ये पत्ता शोधताना रस्त्याचे नाव फारसे उपयोगी पडत नाही, कारण बहुतेक शहरांत लहान रस्त्यांना नावेच नसतात. पत्त्यात आधी मोठा विभाग, मग त्याचा क्रमांक दिलेला भाग म्हणजे चोमे, मग रस्त्यांनी वेढलेला घरांचा एक गट आणि शेवटी घराचा क्रमांक अशी उतरंड असते. १९६२च्या कायद्यानंतर अनेक ठिकाणी हे क्रमांक नव्याने आणि ओळीने देण्यात आले. पण जुनी पद्धत जिथे टिकून आहे तिथे शेजारशेजारच्या घरांचे क्रमांक लागोपाठचे असतीलच असे नाही. त्यामुळे तिथल्या रहिवाशांनाही वाट विचारावी लागते, आणि त्यासाठीची हक्काची जागा म्हणजे कोबान, अर्थात नाक्यावरची छोटी पोलीस चौकी. टोकियोच्या यानाका भागात अशाच एका चौकीतल्या पोलिसाने माझ्यासमोर घरमालकांची नावे छापलेला नकाशा उघडला आणि पेन्सिलीच्या टोकाने मला हवे असलेले घर दाखवले.

क्योतोत मात्र पत्त्याची रीतच निराळी आहे. चीनमधल्या चांगआन नगराच्या धर्तीवर ७९४ साली वसवलेल्या या राजधानीची उभ्या-आडव्या रस्त्यांची आखणी आजही शहराच्या मध्यभागी बरीचशी टिकून आहे. तिथे रस्त्यांना नावे आहेत आणि पत्ता दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथून सांगितला जातो. राजवाडा उत्तरेला असल्यामुळे उत्तरेकडे जाणे म्हणजे 'आगारु', वर जाणे, आणि दक्षिणेकडे जाणे म्हणजे 'सागारु', खाली उतरणे. पूर्वेला आणि पश्चिमेला वळण्यासाठी 'हिगाशी-इरु' आणि 'निशी-इरु' असे शब्द आहेत. हे शब्द केवळ बोलण्यात नाहीत, तर टपालाच्या पत्त्यातही लिहिले जातात. क्योतो महापालिकेच्या इमारतीचा पत्ताच 'तेरामाची रस्ता, ओइके आगारु' असा सुरू होतो, म्हणजे तेरामाची रस्त्यावर, ओइके रस्ता ओलांडून उत्तरेला.

मी हातकागदाचे एक जुने दुकान शोधत होते. तेरामाचीवरच्या चहापत्तीच्या दुकानात शिरून मी जपानी लिपीत लिहिलेला पत्ता गल्ल्यावरच्या आजींपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, पत्ता मोठ्याने वाचला, "फुयाचो, रोक्काकु सागारु", आणि बोटांवर रस्ते मोजायला सुरुवात केली: ओइके, आनेयाकोजी, सांजो, रोक्काकु. ही नावे त्या कुठेही न अडखळता एका ठेक्यात म्हणत होत्या, कारण आडव्या रस्त्यांचा हा क्रम तिथली मुले लहानपणीच गाण्यातून पाठ करतात. मग बांधणीच्या कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी तीन उभ्या रेघा ओढल्या, तेरामाची, गोकोमाची आणि फुयाचो, त्यांवर आडव्या रेघा काढल्या आणि रोक्काकुच्या जरा खाली एक टिंब दिले. एवढ्यावर न थांबता त्या फुटपाथपर्यंत आल्या आणि हाताचा तळवा उघडा ठेवून दक्षिणेकडे दाखवत राहिल्या. मी रोक्काकुला उजवीकडे वळले, गोकोमाची ओलांडली, फुयाचोला डावीकडे उतरले, आणि दुकान टिंबाच्याच जागी होते.

मोबाईलच्या नकाशानेही मी तिथे पोहोचले असते, परंतु तो पत्ता असा का लिहिला आहे हे मला आजींच्या रेघांमुळे उलगडले. त्या दिवसानंतर मी हॉटेलमध्ये सकाळीच जवळचा चौक कोणता ते विचारून घेऊ लागले आणि वाटेत कुणाला विचारताना दोन्ही रस्त्यांची नावे सांगू लागले. "इकडेच ना?" असे विचारणे मी कटाक्षाने टाळत असे, कारण समोरचा माणूस सौजन्याने मान हलवतो आणि त्या होकाराचा अर्थ पुष्कळदा "तुमचे म्हणणे ऐकले" एवढाच असतो. त्यापेक्षा "सांजो कुठे आहे?" असा मोकळा प्रश्न विचारला तर उत्तर नेमके मिळते.

दिशा ओळखायलाही हे शहर मदत करते: पूर्व, पश्चिम आणि उत्तर अशा तिन्ही बाजूंना डोंगर आहेत, आणि कामोगावा नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, त्यामुळे पाण्याची ओढ पाहिली की 'खाली' कुठे ते कळते. नदीपलीकडे हिगाशियामाच्या उतारांवर मात्र रस्ते चौकटीत बसत नाहीत आणि वर-खालीचा हिशेब फारसा चालत नाही. तिथे जवळच्या मंदिराचे किंवा चढणीचे नाव घेऊन विचारणेच बरे.