उष्ण हवेसाठी कोंबडीची जात निवडताना

परसात कोंबड्या पाळायच्या ठरल्या की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, वर्षाला अंडी किती? जिथे उन्हाळ्याचे अनेक आठवडे दुपारी पारा ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरत नाही, तिथे हा प्रश्न मागे ठेवून आधी पक्ष्याच्या अंगाची ठेवण पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंशांच्या आसपास असते आणि ही उष्णता एक तर तुरा, चोचीखालच्या लाल पाळ्या, पाय अशा उघड्या कातडीतून जाते, नाही तर श्वासावाटे. भर दुपारी सावलीत उभी असलेली कोंबडी पंख अंगापासून दूर धरते, चोच उघडी ठेवते आणि तिचा गळा भराभर थरथरत असतो. या धापण्यात शरीरातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्ताचा सामू (पीएच) वाढतो आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट कमी पडते, म्हणून उन्हाळ्यात अंड्यांची कवचे पातळ होतात. जातीच्या वर्णनात छापलेला अंड्यांचा आकडा अशा वेळी फारसा कामाचा राहत नाही. हवा दमट असेल तर धापूनही अंग पुरेसे थंड होत नाही, त्यामुळे कोरड्या उष्णतेत तगलेली जात समुद्रकाठीही तशीच तगेल असे गृहीत धरू नये.

भूमध्य सागराभोवतीच्या जातींकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लेगहॉर्नची मादी साधारण दोन किलोंची, सडपातळ, आणि तिचा तुरा इतका मोठा की तो एका बाजूला कलतो. गरम दुपारी तो बोटांत धरून पाहिला तर चांगलाच ऊन लागतो, कारण शरीर तिकडे जास्त रक्त पाठवून उष्णता बाहेर टाकत असते. मिनोर्काचा तुराही असाच भरघोस असतो. तिची काळी पिसे उन्हात अधिक तापतात हे खरे, पण दाट सावली असेल तर रंगाची फारशी चिंता करण्याचे कारण नाही. इजिप्तची फायौमी तर काटकपणात या दोघींच्याही पुढे आहे. मात्र तिन्ही जाती बुजऱ्या आहेत आणि कुंपणावरून सहज उडून जातात. मुलांना मांडीवर घ्यायला कोंबडी हवी असेल, तर यांच्या वाटेला न गेलेले बरे.

माझा स्वतःचा कल उघड्या मानेच्या कोंबडीकडे आहे. दिसायला ती ओबडधोबड आहे, हे मान्य. तिच्या मानेवरची पिसे एकाच जनुकामुळे नाहीशी होतात आणि त्याचा परिणाम मानेपुरता राहत नाही: आईबापांपैकी एकाकडूनच ते जनुक आले तर अंगावरची एकूण पिसे सुमारे २० टक्क्यांनी घटतात, दोघांकडून आले तर सुमारे ४० टक्क्यांपर्यंत. पहिल्या प्रकारात मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा एक झुबका शिल्लक राहतो, त्यामुळे विकत घेताना नुसत्या नजरेनेही फरक कळतो. स्वभावाने ती शांत असते आणि अंडीही बऱ्यापैकी देते.

असील मोठ्या तुऱ्याच्या नियमाला अपवाद आहे. तिचा तुरा छोटा असतो, पण पिसे तोकडी आणि अंगालगत असल्यामुळे ती ऊन सोसते. तरी ती अंडी कमी देते, वरचेवर खुडूक होते (अंडी घालणे थांबवून उबवायला बसते) आणि नर तर भांडकुदळच, म्हणून परसातल्या मिश्र कळपासाठी मी ती सुचवणार नाही.

ब्रह्मा, कोचीन, ऑर्पिंग्टन या देखण्या जाती मात्र टाळाव्यात, कारण जड शरीर आणि त्यावर पिसांचे जाड थर हे उष्ण हवेत दुहेरी ओझे ठरते. ऱ्होड आयलंड रेड या दोन टोकांच्या मधली आहे. सावली, वारा आणि गार पाणी असेल तर ती निभावून नेते. झपाट्याने वजन धरणारे ब्रॉयलर उन्हाच्या तडाख्यात सर्वांत आधी दगावतात, तेव्हा ते पाळायचेच असतील तर थंडीत पाळावेत.

जात ठरली तरी पक्षी कुठून आणायचे हे पाहावे लागतेच. थंड हवेत वाढलेल्या तलंगा (तरुण माद्या) ऐन उन्हाळ्यात आणण्यापेक्षा, त्याच उष्ण हवेत वाढलेल्या कळपातली पिल्ले उन्हाळ्याच्या काही महिने आधी घ्यावीत आणि त्या कळपाने मागचा उन्हाळा कसा काढला हे पाळणाऱ्याला विचारून घ्यावे.