स्केल न घोटलेला पियानिस्ट

बडोद्याच्या दांडिया बाजारात मी पियानो-कीबोर्ड शिकवते आणि पालकांचा प्रश्न ठरलेला, ताई, पुढच्या ग्रेडची परीक्षा कधी देणार? पोरगं वर्षभर तेच चार पीसेस घोटतं, सर्टिफिकेट भिंतीवर लागतं, आणि आजी म्हणाली की जरा माझ्या भजनाला साथ दे रे, की साहेब गप्प. मग मी त्यांना सोव्हिएत पियानिस्ट स्व्यातोस्लाव रिख्टर ऐकवते.

हा 1915 चा, वाढला ओडेसात. वडील पियानो आणि ऑर्गन वाजवणारे, तरी पोरगा बराचसा आपला आपणच शिकला, स्केल्स, म्हणजे आपले आरोह-अवरोहाचे पलटे, कधी वाजवल्याच नाहीत म्हणायचा, डायरेक्ट शोपँ या संगीतकाराच्या नॉक्टर्नला, म्हणजे पियानोच्या संथ रचनेला, हात घातला. घरी ऑपेराची नोटेशन्स समोर धरून तासन्‌तास वाजवत बसायचा, मग खलाशांच्या क्लबात साथ, मग ओडेसाच्या ऑपेरात गायकांच्या तालमींना पियानो. म्हणजे अख्खा ऑर्केस्ट्रा दोन हातांत आणायचा आणि वर गाणाऱ्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं, तो पुढे पळाला तर आपणही पळायचं, अडला तर सांभाळून घ्यायचं. आपल्या पेटीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, ऐन वेळी बाई म्हणतात घसा बसलाय हो, आज काळी पाचचा सूर नको, खालची काळी चार घ्या, की सगळी बोटं नव्या पट्ट्यांवर. माझ्या क्लासमधल्या पोरांकडे आपोआप सूर बदलणारं ट्रान्सपोजचं बटण आहे, त्यामुळे त्यांचं फावतं!

रीतसर गुरू मिळाला तो थेट 1937 ला, बाविसाव्या वर्षी, मॉस्कोत, हाइनरिख नॉयहाउस. तिथेही राजकारणाचे सक्तीचे तास बुडवले म्हणून संस्थेतून काढून टाकलं, नॉयहाउसनी परत बोलावून घेतलं. रिख्टर म्हणायचा की नॉयहाउसनी हात मोकळा केला, आवाज कसा काढायचा ते दाखवलं, आणि शांततेची किंमत शिकवली. लिस्ट या संगीतकाराच्या सोनाटाआधी, म्हणजे पियानोच्या मोठ्या रचनेआधी, हा स्टेजवर नुसता बसून मनात सावकाश तीसपर्यंत आकडे मोजायचा, लोक घाबरायचे की याला काही झालं की काय.

सोव्हिएत संगीतकार प्रोकोफिएवचा सातवा सोनाटा चार दिवसांत बसवून त्यानं 1943 ला पहिल्यांदा वाजवला. 1952 ला बोट दुखावलं तर बसून न राहता कंडक्टर म्हणून उभा राहिला, समोर चेलोवर रोस्त्रोपोविच, पण तेवढं एकदाच.

मला खरं कौतुक त्याच्या पुढचं आहे. 1960 ला अमेरिकेत एवढं नाव झालं, तरी गड्यानं साथ सोडली नाही, जर्मन गायक फिशर-डिस्काऊ गायचा आणि हा मागे वाजवायचा, इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनबरोबर एकाच पियानोवर चार हातांनी शुबर्टच्या रचना. सोलो वाजवणारा साथीला बसला की आपल्याकडे लोकांना उगाच ते कमीपणाचं वाटतं.

ऐकायला सुरुवात करायची तर 1958 चं बल्गेरियातल्या सोफियातलं लाइव्ह रेकॉर्डिंग घ्या, मुसोर्गस्कीचं ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’. हेडफोन लावूनच ऐका, हॉलमधले लोक जाम खोकतात, तेवढं चालवून घ्या.