एवढ्यासाठी?

रात्री पावणेदोनला ताई पाणी प्यायला उठली. माझ्यासमोर एक पांढुरकी विंडो उघडी होती, मधोमध करड्या अक्षरांत इंग्रजीतली एकच ओळ: अभिनंदन, तुमची पहिली विंडो तयार झाली. ताईने डोळे बारीक करून ती वाचली, "एवढ्यासाठी?" म्हणाली आणि झोपायला गेली.

टोमणा असता तर बरं झालं असतं, उलट काहीतरी बोलता आलं असतं. तिने नुसतं विचारलं होतं.

कशासाठी, ते मांडून बघते. रासबेरी पाय 3, म्हणजे एकाच बोर्डावरचा छोटा कम्प्युटर, खोक्यात पडून होता, त्यावर रेलिब टाकायची होती. चित्रं हलवायची लायब्ररी, सी भाषेतली, नवशिक्यांना सोपी म्हणून सगळे सांगतात. सोर्स उतरवून घेतला, मेक म्हटलं (सोर्सपासून लायब्ररी बांधायची आज्ञा), तर एक्स-इलेव्हनची, म्हणजे पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या व्यवस्थेची, हेडर फाइल सापडत नाही. अख्खा डेस्कटॉप त्याच एक्स-इलेव्हनवर चाललाय, डोळ्यांसमोर आहे, आणि तरी सापडत नाही. प्रोग्राम चालायला लायब्ररी पुरते. तिच्यावर काही नवीन बांधायचं तर हेडर, म्हणजे तिच्यात काय काय आहे त्याच्या याद्या, लागतात, आणि ते 'डेव्ह' नावाच्या वेगळ्या पॅकेजात असतात. हे मला माहीत होतं. माहीत असून एक तास गेला, कारण मी एरर वाचतच नव्हते, तोच मेक पुन्हा पुन्हा मारत होते. (ही सवय फक्त कम्प्युटरपुरती नाही. असो.)

मग बिल्ड झालं, इन्स्टॉल झालं, आणि उदाहरणाचा प्रोग्राम उघडताक्षणी मेला. एरर: जीएलएक्स, कॉन्टेक्स्ट तयार करता आला नाही, म्हणजे चित्र काढायची तयारीच झाली नाही. इथे मात्र मी खरंच रडकुंडीला आले. सगळ्यांचं होतं, आपलंच होत नाही, हे ते जुनं पालुपद. वर कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह लुकलुकत होतं, कारण बोर्डाला मी फोनचा जुना चार्जर लावला होता. बोर्डाला अडीच अँपिअर लागतात. व्होल्टेज 4.63 च्या खाली गेलं की ते चिन्ह येतं आणि प्रोसेसर आपला वेग उतरवतो. अर्धपोटी कामाला जुंपलं होतं बिचाऱ्याला. माझंही सध्या... जाऊ दे.

कारण निघालं ते असं. रेलिब आपणहून ओपनजीएल 3.3 मागते (ओपनजीएल म्हणजे ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घ्यायची ठरलेली भाषा), ते 2010 सालचं. बोर्ड 2016 चा, पण त्याच्या ग्राफिक्स चिपला डेस्कटॉपचं ओपनजीएल येतं फक्त 2.1 पर्यंत, म्हणजे 2006 चं. कोणाचंच काही चुकलेलं नाही. एक जण मागतोय ते दुसऱ्याकडे नाही, आणि आपल्याला काय येतं हे कोणी विचारल्याशिवाय तो सांगत नाही. मी विचारलंच नव्हतं. चिपला काय येतं ते दाखवणाऱ्या ग्लक्सइन्फो नावाच्या प्रोग्रामने एका ओळीत सांगितलं.

मेक क्लीन, म्हणजे आधीचं बांधलेलं पुसून टाकलं. मग पुन्हा मेक, या वेळी ग्राफिक्सच्या जागी 2.1 असं सांगून. विंडो उघडली.

आणि तेवढ्यात ताई.

तिचं स्वतःचं सध्या जे चाललंय, त्यात तिला माझ्या विंडोचं कौतुक असावं अशी अपेक्षाच चूक. पण होती. पाच तास कुणीतरी 'झालं का गं' म्हणावं म्हणून थांबलं होतं आत काहीतरी. शेवटी अभिनंदन केलं ते एका उदाहरणाच्या फाइलने, आणि तेही तिच्या कर्त्याने आधीच लिहून ठेवलेलं, जो कोणी ती चालवेल त्याच्यासाठी. त्यावर मी हसले होते! पावणेदोनला, एकटीच, दात काढून. ताईने बहुतेक ते पाहिलं.

एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच. पण असं म्हटलं की पटत नाही, आणि नाही म्हटलं की दुसरं कशासाठी ते सांगता येत नाही.

आज सकाळी चार्जर बदलला. पिवळी वीज गेली. म्हटलं, ती अभिनंदनाची ओळ काढून आपलं काहीतरी लिहू. फाइलमध्ये ताईचाच शब्द टाकला, प्रश्नचिन्हासकट, आणि चालवलं. लायब्ररीच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. जे अक्षर नाही त्याच्या जागी ती प्रश्नचिन्ह काढते. देवनागरीचा फॉन्ट दिला तरी जोडाक्षरं तिला जुळवता येत नाहीत म्हणे, पण ते भांडण पुढच्या शनिवारी.

विंडोत ओळीने अकरा प्रश्नचिन्हं. ए, व, ढ, पाय मोडायची खूण, य, काना, सगळ्यांचं एकेक, अशी दहा. अकरावं ताईचं.

तिला हाक मारून दाखवलं. "हे काय?" म्हणाली. म्हटलं, "तू रात्री विचारलेलं."

"मी एवढं विचारलं होतं?"