फॉन्टची नोंद ९: शिरोरेषेतली फट परत आली

मी करत असलेल्या देवनागरी फॉन्टबद्दल मागच्या नोंदीत छातीठोकपणे लिहिलं होतं की त्याच्या शिरोरेषेतली फट कायमची बुजली. ती बुजलेली नाही. मंगळवारी एका क्लायंटने नव्या साइटचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली विचारलं, "अक्षरांच्या वरच्या रेघेला चिरा पडल्यात का?" स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला आणि पोटात गोळाच आला. दर दोन अक्षरांच्या मध्ये करडी उभी चीर, कुठे ठळक, कुठे पुसट. त्या साइटवर माझा फॉन्ट पहिल्यांदाच खऱ्या कामाला लागला होता, म्हणून जास्तच लागलं.

दिवसभर बटणं, फॉर्म आणि मेनू यांत जातो. फॉन्टला रात्रीचे दोनच तास मिळतात. या आठवड्यातले ते सगळे या एका चिरेत गेले.

पहिला संशय सीएसएसवर (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांवर) घेतला, आणि तो निम्मा खरा निघाला. साइटची थीम, म्हणजे तयार साचा, मुळात रोमन लिपीसाठी केलेली. तिच्यात परिच्छेदांना ०.०२ एम लेटर-स्पेसिंग, म्हणजे दोन अक्षरांमधलं जादा अंतर, होतं. एम म्हणजे मजकुराच्या आकाराएवढी लांबी. माझ्या फॉन्टचा एम १००० युनिटांचा, म्हणजे हे बरोबर २० युनिट झाले. मागच्या वेळी मी प्रत्येक अक्षराची शिरोरेषा दोन्ही कडांना १०-१० युनिट बाहेर काढली होती. सांध्यावर शिरोरेषा २० युनिट एकमेकींवर चढत होत्या. थीमने नेमके तेवढेच खाऊन टाकले. देवनागरीला लेटर-स्पेसिंग लावूच नये असं माझं ठाम मत आहे. आपली अक्षरं शिरोरेषेने बांधलेली असतात, ती ओढून लांब करायला सुटे मणी नव्हेत. रोमन मजकुराला हवंच असेल तर लँग सिलेक्टर (मजकुराच्या भाषेप्रमाणे नियम लावायची सीएसएसची सोय) लावून तेवढ्यालाच द्यावं.

लेटर-स्पेसिंग काढलं. चिरा पुसट झाल्या, पण गेल्या नाहीत. आणि माझ्या पडद्यावर तर त्या मुळी दिसतच नव्हत्या. माझा पडदा दुप्पट घनतेचा, क्लायंटचा साधा, वर सिस्टिममध्ये १२५ टक्के स्केलिंग, म्हणजे सगळं सव्वापट मोठं. शेवटी कामाच्या जुन्या मॉनिटरला १२५ टक्के लावले, "ग" हे अक्षर सहा वेळा सलग टाइप केलं, स्क्रीनशॉट घेतला आणि तो आठ पट मोठा करून एकेका सांध्यावर रंग मोजायचा ड्रॉपर टेकवत बसले. पाचही सांध्यांचा करडेपणा वेगवेगळा! तिथे पहिल्यांदा लक्षात आलं की दोष अक्षरात नाही, अक्षर पिक्सेलच्या जाळीवर कुठे पडतं त्यात आहे.

हिशेब असा. १६ पिक्सेलचा मजकूर १२५ टक्क्यांवर पडद्याचे २० पिक्सेल घेतो, म्हणजे एक पिक्सेल ५० युनिटांचा. माझा "ग" ५८० युनिट रुंद, म्हणजे ११.६ पिक्सेल. पहिला सांधा ११.६ वर, मग २३.२, ३४.८, ४६.४ आणि पाचवा थेट ५८ वर. सांधा पिक्सेलच्या मधोमध आला की डावं अक्षर त्या पिक्सेलचा अर्धा भाग रंगवतं आणि उजवं उरलेला अर्धा. पण ब्राउझर दोन अर्ध्यांची बेरीज करत नाही. तो एकावर एक पातळ हात देतो: पहिल्या हाताने अर्धं पांढरं उरतं, दुसऱ्याने त्यातलं निम्मं झाकलं जातं, पाव भाग पांढरा राहतोच. काळ्या शिरोरेषेत पंचवीस टक्के पांढरं म्हणजे डोळ्याला चीरच. (ब्राउझर अक्षरं पाव-पाव पिक्सेलच्या टप्प्यांवरही बसवतात, त्यामुळे पडद्यावरचा क्रम कागदाशी तंतोतंत जुळला नाही.)

आता शिरोरेषा एकमेकींवर चढल्या की काय होतं ते पाहा. एक पिक्सेलमधून चढण वजा करा, निम्मं करा, वर्ग करा: जास्तीत जास्त तेवढं पांढरं उरतं. माझे २० युनिट तिथे ०.४ पिक्सेल होतात, म्हणजे ०.३ चा वर्ग, नऊ टक्के. माझ्या घरच्या पडद्यावर तोच मजकूर ३२ पिक्सेल घेतो, त्यामुळे तेच २० युनिट ०.६४ पिक्सेल, म्हणजे जेमतेम तीन टक्के, आणि तेवढं मला दिसत नव्हतं. चढण पूर्ण एक पिक्सेल झाली की उरतं शून्य. हे आकडे जुळले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली.

लगेच दोन्ही कडांना २५-२५ युनिट केले. जुन्या मॉनिटरवर "ग"ची माळ अखंड, एकसंध काळी. पाच मिनिटं नुसती पाहत बसले.

मग चाचणीचा परिच्छेद लावला आणि "सभा" शब्द "समा"सारखा दिसायला लागला. "गाभा", "विधान", "साधन" सगळ्यांचं तेच. भ, ध आणि थ यांची ओळखच मुळी डावीकडच्या गाठीवर शिरोरेषा नसण्यात आहे. आधीच्या अक्षराची रेघ २५ युनिट पुढे सरकली की ती त्या गाठीवर झाकणासारखी बसते. लहान आकारात भ आणि म यांत फरक उरत नाही. वाचणाऱ्याचा शब्दच बदलतो, त्यापेक्षा चीर परवडली.

या तीन अक्षरांच्या आधी येणाऱ्या प्रत्येक अक्षराचा आखूड अवतार करायचा आणि संदर्भानुसार बदलायचा, असं ठरवून मी यादी करायला घेतली. नुसती पूर्ण आणि अर्धी अक्षरंच शंभरावर गेली, त्यात काना आणि वेलांट्या आल्याच. इथवरची नोंद त्याच वैतागात लिहिली होती.

आणि ती लिहिता लिहिताच सुचलं: रेघ उजवीकडे काढायचीच कशाला? सगळी वाढ डावीकडे द्यायची. प्रत्येक अक्षर मागच्याच्या खांद्यावर ५० युनिट हात टाकेल. भ, ध, थ यांना डावीकडे शिरोरेषाच नाही, म्हणून त्यांना वाढ नाही, आणि त्यांच्या आधी रेघांचा सांधाच नसल्यामुळे चीर पडायचा प्रश्नही नाही! जेवण बाजूला ठेवून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, सगळ्या ग्लिफांची (फॉन्टमधल्या अक्षराकृतींची) उजवी कड शून्यावर आणली, डावी उणे ५० वर. "सभा" पुन्हा "सभा" झाली आणि "ग"ची माळही अखंड राहिली. या फॉन्टवर काम सुरू केल्यापासून इतका आनंद मला "क्ष" पहिल्यांदा जुळला तेव्हाच झाला होता.

दोन गोष्टी मात्र उरल्या. एक, फोटोखालच्या ओळींना मी आरजीबीए (रंगातच पारदर्शकता सांगायची पद्धत) वापरून साठ टक्के काळा रंग दिला होता. तिथे रेघा एकमेकींवर येतात तेवढ्याच जागी रंग दुहेरी होऊन गडद ठिपके उमटले. रंग अपारदर्शक केला की ठिपके जातात. पारदर्शकता हवीच असेल तर ती रंगात न देता पूर्ण घटकाला ओपॅसिटी म्हणून द्या.

दोन, शब्दाच्या सुरुवातीला रेघ ५० युनिट बाहेर डोकावते. परिच्छेदात हे कुणाच्या नजरेला येत नाही, पण ७२ पिक्सेलच्या शीर्षकात ते साडेतीन पिक्सेल होतात आणि खालच्या चौकटीच्या कडेशी शीर्षक जुळत नाही. यावर आधी शीर्षकासाठी वेगळा फॉन्ट करायचा बेत होता. तो आता रद्द. त्याऐवजी ऑप्टिकल साइझचा अक्ष, म्हणजे मजकुराच्या आकारानुसार अक्षराचा घाट बदलायची सोय, घालणार आहे. ब्राउझर मजकुराच्या आकाराप्रमाणे हा अक्ष आपोआप लावतो, सीएसएसची एक ओळही लागत नाही. १२ पिक्सेलला वाढ ८४ युनिट, ७२ ला १४, मधलं सरळ रेषेत. एक पिक्सेल भरायला लागणारी वाढ आकाराच्या व्यस्त प्रमाणात उतरते, म्हणजे तिचा आलेख खाली वाकलेला, आणि त्याच्या दोन टोकांना जोडणारी सरळ रेषा मध्ये कायम त्याच्या वरच राहते. ३६ ला लागतात २८, मिळतील ५६. कमी कुठेच पडणार नाही.

या गडबडीत "ऱ्य"चा जुना घोळही सुटला. "आचाऱ्यास" लिहावं आणि काही पानांवर र तुटून वेगळा पडावा, हे तुम्हाला आठवत असेल. शेपिंगचे, म्हणजे अक्षरं जोडून दाखवायचे, नियम बरोबर होते, एचबी-शेप या तपासणीच्या साधनाने ते केव्हाच दाखवलं होतं. जुन्या मजकुरात हा अर्धा र साध्या र ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह लावून टाइप केलेला होता, आणि माझ्या युनिकोड-रेंजमध्ये (फॉन्ट कोणत्या अक्षर-क्रमांकांना लावायचा त्या यादीत) ०९०० ते ०९७एफ एवढंच होतं. २००सी-२००डी ही अदृश्य चिन्हांची जोडी घातली, सबसेट (लागणारी अक्षरंच ठेवलेली फॉन्टची छोटी फाइल) पुन्हा केला, झालं. आचार्य आणि आचारी आता आपापल्या जागी. सबसेटसाठी पायएफटीसबसेट हेच साधन वापरा. एका ऑनलाइन कन्व्हर्टरने माझ्या फाइलमधली जोडाक्षरांची सारणीच उडवून दिली होती, तेव्हापासून मी त्या वाटेला जात नाही.

ऑप्टिकल अक्षाची पाच अक्षरं झाली आहेत: ग, स, न, र, भ. पुढचं क, कारण त्याची डावी वाटी शिरोरेषेला फार जवळ आहे आणि ८४ युनिटांवर मागच्या अक्षराशी तिचं कसं जमतं ते पाहायचं आहे. कुणाकडे १५० टक्के स्केलिंगचा साधा पडदा असेल तर "गगन", "सरस" आणि "नभ" या तीन शब्दांचा न कापलेला, मूळ आकाराचा स्क्रीनशॉट हवा आहे.