आमची वाटचाल : पीसीओच्या पिवळ्या बोर्डापासून

बाबांचं पुण्यात मोटर वाइंडिंगचं आणि ट्यूबच्या पट्ट्या दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. तपकीर गल्लीतून माल आणायचा आणि दिवसभर खाली मान घालून काम, मी कॉलेज सुटलं की तिथंच. ट्यूब लागली नाही की आधी स्टार्टर फिरवून बघायचा, मग होल्डर, मग चोक (ट्यूबमधला वीजप्रवाह आवरणारा भाग), हे कुणी बसून शिकवलं नाही, बघून बघून हातात आलं.

जुने, आत ट्यूब असलेले बोर्ड दुरुस्त करायच्या आमच्या धंद्याची सुरुवात एका बोर्डाने झाली. जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगात एसटीडी आयएसडी पीसीओचा, म्हणजे पैसे देऊन फोन करायच्या सार्वजनिक बूथचा, पिवळा बॉक्स उलटा पडलेला दिसला, किलोच्या भावाने घेतला, घरी उघडला तर आत कुंभारमाशीची मातीची घरं, पालीच्या अंड्यांची टरफलं आणि चार फुटी दोन ट्यूबा, त्या जुन्या दीड इंच जाडीच्या ४० वॉटच्या, टोकं काळी पडलेली. चोक मात्र तांब्याचा आणि शाबूत. आत्ताच्या ३६ वॉटच्या बारीक ट्यूबा त्याच चोकवर चालतात, त्या लावल्या, नवे स्टार्टर टाकले, बटण दाबलं, दोन-तीनदा फडफडून अख्खा बॉक्स पेटला. आई आतून हात पुसत आली आणि बोर्डाकडे बघतच राहिली. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा ना, नागपूरच्या मामाला फोन करायला आम्ही असल्याच बोर्डाखाली रांगेत उभे राहायचो.

आता आम्ही चौघं आहोत. पीसीओचे बॉक्स, मेडिकलचे आणि लॉजचे ग्लो साइन (आतून उजळणारे बोर्ड), खांबावरच्या दोन ट्यूबच्या पत्र्याच्या पेट्या, जे मिळेल ते आणतो. २०१५ पासून रस्त्यावरचे दिवे धडाधड एलईडी होत गेले आणि त्या पेट्या थेट भंगारात जायला लागल्या, आम्ही त्यातल्या फार थोड्या वाचवू शकलो.

सगळ्यात जास्त वेळ अ‍ॅक्रेलिक खातं. सुरुवातीला एका लॉजचा बोर्ड मी थिनरने पुसला, दहा मिनिटांत शीटभर बारीक तडे गेले आणि हाताने कापलेली लाल अक्षरं कायमची गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून फक्त साबणाचं कोमट पाणी, मग पाण्यासोबत ८०० पासून २००० नंबरपर्यंत वॉटर पेपर (बारीक घासकागद) आणि शेवटी बफिंग, म्हणजे घासून चकाकी आणणं. सुटलेलं अक्षर क्लोरोफॉर्मने चिकटवतो, सिरिंजने कडेला एकच थेंब सोडायचा, तो आपोआप आत ओढला जातो.

गिऱ्हाइकं म्हणतात आत एलईडी पट्टी टाका ना, बिल कमी येईल. आम्ही नाही टाकत. ट्यूब लांबीभर सारखी उजळते, शीटवर कुठे ठिपका दिसत नाही, ती लागतानाची फडफड आणि चोकचा बारीक गुणगुणाट हे सगळं मिळून तो बोर्ड असतो, नुसता पिवळा डबा काय कुणीही बनवेल.

शूटिंगला भाड्याने जातात तेव्हा मात्र एक तडजोड करतो. आपली वीज ५० हर्ट्झची, तांब्याच्या चोकवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्यात लहर येते. कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदाला ठेवता येत असेल तर ठीक, नाहीतर तेवढ्यापुरता इलेक्ट्रॉनिक चोक लावून देतो आणि परत आल्यावर जुना बसवतो.

आता खरा घोर ट्यूबांचा आहे. पाऱ्याच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात २०२३ मध्ये ठरलं की २०२७ पर्यंत या ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात बंद करायची. ट्यूबमधला पारा विषारीच आहे, निर्णय चूक म्हणणार नाही, आम्हीसुद्धा गेलेल्या ट्यूबा कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यावाल्यांकडे देतो. पण पुढे नव्या ट्यूबा मिळणार नाहीत, म्हणून गावोगावच्या जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानांतला पडून राहिलेला माल गोळा करतोय, एक खोली निम्मी भरलीय. तुमच्या माळ्यावर असा बॉक्स असेल तर भंगारात घालायच्या आधी आम्हाला सांगा, आणि आणताना ट्यूबा काढून वेगळ्या गोधडीत गुंडाळा, आत ठेवून आणल्या की हमखास फुटतात.