तुम्ही विचारलंत म्हणून: पुढचा ठोका आधीच कसा कळतो?

मला क्रम्प, म्हणजे पाय आपटत, छातीला झटके देत केला जाणारा रस्त्यावरचा नाच, करताना पाहिलं की लोक दोनपैकी एक प्रश्न विचारतातच. पहिला म्हणजे, एवढा राग कशाचा? दुसरा जरा बरा असतो. ‘ते गाणं तू पहिल्यांदाच ऐकत होतीस ना? मग तो ठोका पडला आणि तुझी छाती उडाली, हे एकाच क्षणी कसं झालं? बसवलेलं होतं, खरं सांग.’

बसवलेलं नव्हतं. आमच्या सेशनमध्ये कुणाच्या तरी फोनवरून स्पीकरवर गाणं लागतं, बाकीचे गोल करून उभे राहतात आणि ज्याच्या अंगात येतं तो मध्ये जातो. पुढे काय वाजणार हे कुणालाच माहीत नसतं.

रागाचं आधी उरकते. १९९२ मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस निर्दोष सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं. त्याच वर्षी तिथल्या टॉमी जॉन्सननं तोंड रंगवून, विदूषक होऊन पोरांच्या वाढदिवसांना नाचायला सुरुवात केली. त्याच्या भोवतीच्या पोरांपैकी टाइट आइज आणि बिग मिहो यांना पुढे त्या हसऱ्या रंगात आपलं सगळं मावेना. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी रंग पुसून जे उरवलं, ते क्रम्प. त्यात राग आहे, पण प्रार्थनाही आहे आणि थट्टाही. नुसता राग घेऊन नाचणारा माणूस दीड मिनिटात धापा टाकत बाजूला होतो, हे मी स्वतःवरून सांगते.

आता ठोक्याकडे. मी पुण्यात सहा वर्षं ढोल-ताशा पथकात ढोल वाजवला. त्याचा क्रम्पला काही उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. पण पथकात पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट अंगात मुरते: आवाज पाहिजे त्या क्षणी टिपरू उचलून चालत नाही, ते आधीच वर गेलेलं असावं लागतं. ताशा ऐकून मग हात उचलला तर तुमचा ठोका मागून येतो आणि अख्खी रांग तुमच्याकडे बघते. नाचातही तेच. ठोका ऐकून छाती काढली तर उशीर झालाच म्हणून समजा. ठोक्याच्या क्षणी हालचाल संपायला हवी, सुरू व्हायला नको. शिकवताना मला सगळ्यात जास्त वेळ हेच समजवावं लागतं. पोरं सुरुवात बरोबर जागेवर करतात आणि शेवट भलतीकडेच पडतो.

मग न ऐकलेल्या गाण्यात हात आधी कसा निघायचा? कारण गाणं तितकंसं अनोळखी नसतं. चार ठोके, त्यांचे आठ, आठाचे सोळा. सोळा किंवा बत्तीस संपत आले की बहुतेक गाण्यांत काहीतरी हलतं: बास गायब होतो, टाळी भरभर पडू लागते, आवाज वर चढतो. म्हणजे आता पडणार. तबल्याच्या मैफलीत तिहाई सुरू झाली की समेवर मान हलवायला समोरचा रसिक तयार असतोच की. त्याला कुणी बंदिश आधी सांगितलेली नसते.

अंगाची वाटणी मी अशी करते. पाय ठेक्याचा. क्रम्पमध्ये त्याला स्टॉम्प म्हणतात: गुडघा उचलायचा आणि पाऊल पूर्ण वजनानं खाली. माझी सरावाची बरीच गाणी मिनिटाला १४० ठोक्यांच्या आसपास असतात आणि पाय त्याच्या निम्म्या लयीत, ७० ला चालतो. छाती मोठ्या आघाताची, ती मी राखून ठेवते. हात मधल्या सगळ्या किडूकमिडुकाचे. स्नेअर, म्हणजे ड्रमचा कोरडा फटका, कडक वाजला तर जॅब, म्हणजे सरळ ठोसा आणि जागच्या जागी थांबणं. बास लांब ओढत गेला तर हात खांद्यापासून, चिखलातून काढल्यासारखा. पथकाच्या भाषेत सांगायचं तर पाय ढोल आणि हात ताशाची तर्री, म्हणजे त्यावरचा भरभर वाजणारा बारीक वाज. ढोलानं तर्री वाजवायला घेतली की मिरवणुकीचं काय होतं ते सांगायला नको.

मी तेच करत होते. पहिलं वर्षभर मी प्रत्येक आवाज पकडायचे. स्नेअर, टाळी, मागची किंकाळी, काही सोडायचे नाही, आणि त्याचा मला अभिमानही होता. मग एका सेशननंतर वयानं माझ्याहून लहान पण नाचात बराच पुढे असलेला एक मुलगा म्हणाला, ‘ताई, तुम्ही गाण्याचं भाषांतर करता. गाण्याशी बोलत नाही.’ मला राग आला. घरी येऊन व्हिडिओ पाहिला तर खरंच, आवाज बंद केला तरी गाणं जसंच्या तसं दिसत होतं, आणि बघायला कंटाळा येत होता.

त्यानंतर मी महिनाभर एकाच गाण्यावर फक्त स्टॉम्प केला. हात खिशात. मग त्याच गाण्यात फक्त बास ऐकायचा, दुसऱ्या दिवशी फक्त टाळी, तिसऱ्या दिवशी फक्त जिथे काहीच वाजत नाही त्या जागा. हा शेवटचा दिवस सगळ्यात जड गेला. पाय चालू ठेवून वरचं अंग गप्प ठेवणं मला छाती उडवण्यापेक्षा कितीतरी अवघड वाटतं. पण गप्प राहिल्यावर पुढचा आघात दुप्पट मोठा दिसतो, त्यासाठी जास्त जोर लावावा लागत नाही.

आणि त्यासाठी गाणं क्रम्पचंच असायला हवं असंही नाही. फ्रेंच संगीतकार रामो यानं १७२५ साली पॅरिसमध्ये उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचा नाच पाहिला, त्यावरून हार्पसिकॉर्डसाठी, म्हणजे पियानोसारख्या एका जुन्या वाद्यासाठी, एक रचना केली आणि पुढे ती ‘ले झँद गालांत’ या आपल्या ऑपेरा-बॅलेत, म्हणजे गाण्या-नाचाच्या नाटकात, घेतली. २०१७ मध्ये क्लेमां कोजितोरनं त्या संगीतावर क्रम्प नाचणाऱ्यांना उभं करून एक लघुपट केला. २०१९ मध्ये पॅरिसच्या बास्तीय ऑपेरात तो सबंध ऑपेरा-बॅले झाला, तेव्हा नृत्यदिग्दर्शन बिंतू देंबेलेचं होतं. मी तो लघुपट किती वेळा पाहिलाय याचा हिशेब नाही. त्या रचनेचा मुखडा फिरून फिरून परत येतो, आणि प्रत्येक वेळी तो यायच्या किंचित आधी नाचणाऱ्यांचे गुडघे वाकलेले असतात. स्पीकरमधला बास नाही, टाळी नाही, तरी पाय चुकत नाही. ‘पण हे गाणं क्रम्पचं नाहीये’ अशी सबब सांगणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी तो दाखवते.

घरी मी हेडफोन लावून सराव करते, खाली सतरंजी दुहेरी घालून. तरी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना स्टॉम्प ऐकू जातातच. गाणं नाही, नुसते पाय. तक्रार त्यांनी एकदाच केली होती, दुपारच्या झोपेवरून, तेव्हापासून मी संध्याकाळी करते. परवा लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, ‘काल नवीन काही होतं का गं? मधेमधे पळत होतीस.’

घरी जाऊन व्हिडिओ लावला. चाळिसाव्या सेकंदाला, बास गायब होतो तिथे, पळत होते.