कोणी तपासणार नाही तो भाग

कामातल्या प्रामाणिकपणाचा विषय निघाला की बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रातलं ३:२३ (तिसरा अध्याय, तेविसावी ओळ) हमखास पुढे येतं: जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. पण प्रेषित पौलाने हे लिहिलं ते दासांना, म्हणजे गुलामांना. त्यांना बढती नव्हती, पगारवाढ नव्हती, काम सोडून जायची मुभाही नव्हती. त्यामुळे ‘मन लावून काम कर, देव तुला वर नेईल’ असा हिशेब या वचनावर मांडता येत नाही. आदल्याच ओळीत पौल तोंडदेखली चाकरी करू नका असं बजावतो. पुढे ४:१ मध्ये धन्यांना सांगतो की दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, कारण तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. हाताखालच्या माणसांकडून फुकट जादा तास काढून घेण्यासाठी ३:२३ वापरणाऱ्याने ४:१ आधी स्वतःला लावून पाहावं.

बढती हे माप नाही, तर उत्तम काम ओळखायचं कशावरून? माझ्या मते, कोणी तपासणार नाही तो भाग कसा झालाय यावरून, आणि काम ज्याच्या हातात जाणार आहे त्याचा भार त्या कामाने हलका होतो की वाढतो यावरून.

निवासमंडपाचं, म्हणजे इस्राएल लोकांनी रानात उभारलेल्या देवाच्या तंबूचं, काम बघा. देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात ज्याचं नाव येतं तो बसालेल कारागीर होता: सोनं, रुपं, पितळ, रत्नं, लाकूड यांत हात बसलेला. त्याला मिळालेल्या सूचना मोघम नव्हत्या. कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. पडद्यांच्या दोन्ही जोडांच्या कडांना पन्नास-पन्नास बिरडी, म्हणजे फास, ती समोरासमोर येतील अशी, आणि त्यांना अडकवायला सोन्याचे पन्नास आकडे. एका कडेची बिरडी थोडी सरकली तरी आकडा ओढून बसवावा लागणार, कापडावर ताण येणार. हा दोष शिवताना कळत नाही, जोडताना कळतो. बहुतेक कामांचं असंच असतं. आपण आपला तुकडा नीट केला असं आपल्याला वाटत असतं आणि चूक सापडते ती पुढच्या माणसाच्या टेबलावर.

म्हणून काम हातात घेण्याआधी चार-पाच ओळी लिहून काढाव्यात: हे काम ‘झालं’ असं कधी म्हणायचं? समजा महिन्याचा अहवाल आहे. तो कोण वाचणार, त्यावरून कोणता निर्णय घेणार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे आकडे, रक्कम हजारांत की लाखांत, आणि कोणती गोष्ट यात मुद्दाम धरलेली नाही. काम सांगणाऱ्याला या ओळी आधी दाखवाव्यात. निम्मे घोळ इथेच मिटतात, कारण बरेचदा सांगणाऱ्याच्याही डोक्यात चित्र स्पष्ट नसतं.

तपासणीला वेगळा वेळ ठेवायला हवा. काम संपलं त्याच क्षणी वाचलं तर डोळ्यांना लिहिलेलं दिसत नाही, मनातलं दिसतं. मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या, शक्य असेल तर रात्र. मग आकडे खालून वर बघा, बेरीज दुसऱ्या पद्धतीने करा, नावं आणि तारखा मूळ कागदाशी एकेक करून ताडा, मजकूर मोठ्याने वाचा. निर्गम ३९:४३ मध्ये इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सगळं काम आधी पाहतो, सांगितल्याप्रमाणे झालंय याची खात्री करतो आणि मगच आशीर्वाद देतो.

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात २२:८ मध्ये एक आज्ञा आहे: नवं घर बांधलंस तर गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडलं तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. शेजाऱ्यावरची प्रीती इथे थेट बांधकामात उतरलेली आहे. आपल्या कामाचा कठडा कोणता, हे ज्याने त्याने शोधावं. औषधाच्या बाटलीवरचं वाचता येईल असं लेबल, यंत्र बंद करण्याची लिहून ठेवलेली पद्धत, रजेवर जाण्याआधीची चिठ्ठी. त्या चिठ्ठीत काय झालंय, काय अर्धवट आहे, कशाची वाट बघतोय, अडलं तर कोणाला विचारायचं आणि कागद कुठे आहेत, एवढं असलं की पुरतं.

चूक झालीच तर ती ज्याला भोवणार आहे त्याला कळण्याआधी आपण सांगावी: काय चुकलं, कोणाला फटका बसेल, आत्ता काय केलंय, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलतोय. ‘घाई होती’, ‘त्यांनी उशिरा दिलं’ ही वाक्यं पहिल्या निरोपात नकोत. कारणं विचारली की सांगावीत. पापाची कबुली शिकलेल्या माणसाला चूक कबूल करणं इतरांपेक्षा सोपं जायला हवं, कारण त्याची किंमत त्या कामावर ठरलेली नाही.

याच्या उलट टोकाचा आजारही आहे, आणि भक्तिमान माणसांत तो जास्त दिसतो. काम संपवायचंच नाही, घासत बसायचं. निर्गम ३६ मध्ये कारागीर मोशेला येऊन सांगतात की लोक गरजेपेक्षा जास्त आणताहेत, आणि मोशे छावणीत दवंडी पिटवून आणणं थांबवतो. देवाच्या मंडपासाठीसुद्धा ‘पुरे’ म्हणता येतं. सुरुवातीला लिहिलेल्या ओळी पुऱ्या झाल्या, तपासणी झाली, की काम द्यावं. त्यानंतरची प्रत्येक सुधारणा वाचणाऱ्याच्या उपयोगाची आहे की आपल्या नावासाठी, हे स्वतःला विचारावं.

घरातही हेच: भांडी घासली तर ओटाही पुसावा, उसनी वस्तू आणली तशी किंवा त्याहून स्वच्छ परत करावी, ‘बघतो’ म्हणण्याऐवजी हो किंवा नाही सांगावं.

आणि दिवस काठोकाठ भरू नये. लेवीय १९:९ मध्ये शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नका असं सांगितलंय, ते पीक गरिबासाठी आणि परक्यासाठी राहतं. आठ तास असतील तर साडेसहा तासांचंच काम ठरवा. दोन-तीन आठवडे प्रत्येक कामाला धरलेला वेळ आणि लागलेला वेळ शेजारी शेजारी लिहा. दोन तास धरलेल्याला तीन लागत असतील तर पुढचा अंदाज दीडपट करूनच शब्द द्या. उरलेला दीड तास रिकामा जात नाही. नव्या माणसाला काही समजावून सांगायचं असतं, कोणाचं तरी अडलेलं असतं, आणि त्या वेळी घड्याळाकडे न बघता त्याच्याजवळ बसता येतं.